नोकरी गेल्यावर नवरा-बायकोने घर कसे सांभाळावे: आधी हिशेब, मग कामांची वाटणी, सल्ला सर्वांत शेवटी

दोघांपैकी एकाची नोकरी गेली की बहुतेक जोडपी एकमेकांना आधार देण्याचा मनापासून प्रयत्न करतात, आणि तरीही दोन-तीन महिन्यांत घरात टोमणे, अबोला आणि लपवाछपवी सुरू होते. प्रेम कमी पडते म्हणून हे होत नाही. बहुतेक वेळा पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. पहिल्याच दिवशी सल्ले दिले जातात, घरकामाबद्दल दोघे आपापल्या मनात वेगवेगळी गृहीतके धरतात आणि पैशाचा विषय खाते रिकामे होत आल्यावर निघतो. व्हिनोकुर, प्राइस आणि कॅप्लन या अमेरिकी संशोधकांनी नोकरी गेलेल्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार यांचा एकत्र अभ्यास करून १९९६ साली जे निष्कर्ष मांडले, ते या क्रमाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पैशाच्या ओढाताणीने दोघेही खचतात. खचलेला जोडीदार आधार देणे कमी करतो आणि टीका वाढवतो. त्या टीकेने नोकरी शोधणारी व्यक्ती आणखी खचते, असे त्यांना आढळले. म्हणून पैशाचा ताण सर्वांत आधी हाताळावा लागतो. तो तसाच ठेवून गोड बोलण्याचे कितीही ठरवले तरी ते टिकत नाही.

पुढील टप्पे नोकरी नवऱ्याची गेली असो वा बायकोची, दोन्ही परिस्थितींना लागू आहेत. जिथे फरक पडतो तिथे तो स्पष्ट नोंदवला आहे.

खबरदारी: घरात मारहाण, धमक्या किंवा पैशासाठी कोंडी होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे समजुतीने वागण्याचा सल्ला घातक ठरतो. आधी सुरक्षित जागा आणि विश्वासू माणूस शोधावा.

## पूर्वतयारी: बोलणीला बसण्याआधी काय हाती असावे

कागद जमल्याशिवाय पैशाची चर्चा करू नये, कारण अंदाजावर झालेली चर्चा भीतीवर चालते. पुढील गोष्टी पहिल्या आठवड्यातच गोळा कराव्यात:

- नोकरी संपल्याचे पत्र, शेवटचा दिवस, आणि थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे व इतर देणी कधी मिळणार याची लेखी माहिती.
- नोकरीशी जोडलेला आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो आणि तो स्वतःच्या खर्चाने पुढे चालू ठेवता येतो का.
- सर्व कर्जांचे हप्ते, त्यांच्या तारखा आणि कोणाला जामीन राहिलेले असल्यास त्याची नोंद.
- दोघांच्या सर्व खात्यांतील शिल्लक, एकही खाते न वगळता.
- जिथे बेरोजगारी भत्ता मिळतो तिथे अर्जाची मुदत. अनेक देशांत हा भत्ता आपोआप सुरू होत नाही आणि उशिरा केलेल्या अर्जामुळे मधल्या काळाचे पैसे बुडू शकतात.

कंपनीने पुढे केलेल्या कागदावर त्याच बैठकीत सही करू नये. वाचण्यासाठी वेळ मागावा आणि तो कागद घरी जोडीदारालाही दाखवावा. धक्का बसलेल्या माणसाच्या नजरेतून जे सुटते ते दुसऱ्याच्या लक्षात येते.

## टप्पा १: बातमी त्याच दिवशी सांगावी

बातमी लपवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. काही माणसे रोजच्या वेळेला आवरून घराबाहेर पडत राहतात आणि आठवडेच्या आठवडे तसेच काढतात. त्यामागे जोडीदाराला त्रास होऊ नये ही भावना असते, हे मान्य. पण पुढे बातमी फुटते तेव्हा नोकरी गेल्याचे दुःख बाजूला राहते आणि ‘इतके दिवस माझ्याशी खोटे वागलास’ हा घाव उरतो. तो भरायला नवी नोकरी मिळूनही वेळ लागतो.

सांगणाऱ्याने चार गोष्टी सांगाव्यात: काय झाले, शेवटचा दिवस कोणता, कोणते पैसे येणे बाकी आहे, आणि सध्या मला कसे वाटते आहे. ‘महिन्याभरात दुसरी मिळवतो’ असे वचन देऊ नये. ते वचन धीर देण्यासाठी असले तरी ऐकणारा ते तारखेसह लक्षात ठेवतो, आणि ती तारीख उलटली की दोघांच्याही मनात ती हार म्हणून नोंदली जाते.

ऐकणाऱ्याची जबाबदारी अधिक कठीण आहे, कारण त्यालाही धक्का बसलेला असतो. त्या दिवशी तीन वाक्ये टाळावीत: ‘मी आधीच सांगत होते’, ‘आता हप्ते कसे भरायचे’ आणि ‘काळजी करू नकोस, सगळे चांगल्यासाठीच होते’. पहिल्या वाक्यात दोष आहे, दुसऱ्यात जाब आहे. आणि तिसरे, जे सर्वांत निरुपद्रवी वाटते, ते समोरच्याचे दुःख ऐकण्याआधीच मिटवून टाकते. त्याऐवजी ‘मला सगळे नीट सांग. पैशाचे आपण शनिवारी बसून पाहू’ एवढे म्हणावे. बैठकीचा वार ठरला की त्या रात्री दोघांनाही विषय खाली ठेवता येतो.

खबरदारी: पहिले दोन-तीन दिवस कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. घर बदलणे, दागिने किंवा गुंतवणूक मोडणे, मुलांची शाळा बदलणे, साठवलेल्या पैशातून व्यवसाय सुरू करणे, यांपैकी काहीही नाही.

## टप्पा २: पैशाचा एक कागद

हा टप्पा सर्वांत लांब आहे, कारण पुढचे सारे त्याच्यावर उभे राहते. दोघांनी एकत्र बसून एकाच कागदावर चार आकडे लिहावेत.

पहिला आकडा: लगेच वापरता येईल अशी शिल्लक. निवृत्तीसाठी ठेवलेला पैसा यात धरू नये. दुसरा: दरमहा खात्रीने येणारी रक्कम, म्हणजे कमावत्या जोडीदाराचा पगार, भाडे, भत्ता. मिळण्याची आशा असलेले पैसे इथे लिहू नयेत. तिसरा: दरमहा टाळता न येणारा खर्च. चौथा आकडा पहिल्या तिन्हींतून निघतो: खर्चातून आवक वजा करावी आणि उरलेल्या तुटीने शिल्लक भागावी. महिन्याचा खर्च १०० असेल आणि ६० येत असतील तर तूट ४० ची. शिल्लक ३२० असेल तर हे घर ८ महिने चालते. दोघांत एकच कमावता होता आणि आता काहीच येत नाही, अशा घरात त्याच शिल्लकीवर ३ महिन्यांहून थोडे अधिक निघतात. आकडा लहान असला तरी तो माहीत असणे बरे, कारण माहीत नसलेली मुदत मनात नेहमी उद्यावरच येऊन ठेपलेली असते.

मग खर्चाची कात्री. तिचा क्रम असा ठेवावा: राहते घर, अन्न, औषधे, विमा आणि मुलांचे शिक्षण शेवटपर्यंत राखावे, न वापरल्या जाणाऱ्या वर्गण्या, बाहेरचे खाणे, प्रवास, नव्या वस्तू यांना आधी हात लावावा. सुटका म्हणून विमा बंद करण्याचा मोह होतो, परंतु नोकरी नसताना आलेले आजारपण घराला सर्वांत खोल खड्ड्यात टाकते. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसत असतील तर तो चुकण्याआधी कर्ज देणाऱ्या संस्थेशी बोलावे. मुदत वाढवून घेणे किंवा हप्ता लहान करून घेणे आधी जितके शक्य असते तितके थकबाकीदार झाल्यावर राहत नाही. क्रेडिट कार्डावर घरखर्च फिरवत राहणे ही तूट मिटवण्याची रीत नव्हे. ती व्याजासह पुढच्या महिन्यात ढकलण्याची रीत आहे.

आता या टप्प्यातील सर्वांत नाजूक भाग: हातखर्च. नोकरी गेलेल्या माणसाला केस कापायला जायचे आहे, किंवा मुलाखतीच्या गावाला जाण्यासाठी तिकीट काढायचे आहे. तो दाराशी थांबतो, जोडीदाराच्या मूडचा अंदाज घेतो आणि हळूच विचारतो, ‘थोडे पैसे आहेत का?’ जोडीदार आनंदाने देतो, एक शब्दही वावगा बोलत नाही. तरीही त्या क्षणी दोघांपैकी एक देणारा आणि एक मागणारा झाला. आठवड्यातून चारदा हे घडले की कोणी अपमान न करताही अपमान होत राहतो. उपाय साधा आहे. दोघांच्या नावे सारखीच रक्कम, कितीही छोटी असो, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आपोआप वळती व्हावी आणि तिचा हिशेब कोणीही कोणाला मागू नये. मुलाखतीचा प्रवास, अर्जाचे शुल्क, इंटरनेट हे हातखर्चात न धरता कामाचा खर्च म्हणून वेगळ्या ओळीत लिहावेत.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. कमावता जोडीदार ‘पैसे माझेच आहेत तर मीच ठरवते’ असे बोलत नाही, पण तसे वागू लागतो. निर्णय घेऊन नंतर कळवतो. दुसरीकडे, नोकरी गेलेली व्यक्ती शरमेने ‘मला काहीच नको’ म्हणते, मित्रांना भेटणे बंद करते, औषधेही पुढे ढकलते. हा त्याग कोणी मागितलेला नसतो आणि काही आठवड्यांनी तोच ‘मी एवढे सोडले आणि तू मात्र’ अशा तक्रारीचे रूप घेतो. कपात दोघांच्या वैयक्तिक खर्चात सारख्या प्रमाणात व्हावी.

कोणाकडून उसने घेणे किंवा कोणाला देणे, दोन्ही गोष्टी परस्पर करू नयेत. माझ्या मते या काळातला हा एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये.

पडताळणी: कागद मिटून ठेवावा आणि दोघांनी वेगवेगळे लिहावे की आपले घर किती महिने चालेल. उत्तरांत एका महिन्याहून अधिक फरक पडला तर एकाला चित्र समजलेले नाही, पुन्हा बसावे. शिल्लक निम्म्यावर येईल ती तारीखही कागदाच्या तळाशी लिहून ठेवावी. सातव्या टप्प्यात ती लागेल.

## टप्पा ३: दिवसाची आणि घरकामाची वाटणी

‘तू आता घरीच आहेस ना’ या पाच शब्दांवर अनेक घरांत पहिली मोठी ठिणगी पडते. म्हणून आधी नोकरी शोधण्याचे तास ठरवावेत आणि ते कामाचे तास म्हणून पाळावेत. समजा सकाळी ९ ते १ ही वेळ ठरली, तर त्या वेळेत बँकेत जाणे, पार्सल घेणे, पाहुण्यांना स्थानकावरून आणणे ही कामे त्या व्यक्तीकडे येऊ नयेत. आणि त्या व्यक्तीनेही त्या वेळेत खरोखर शोधाचेच काम करावे. संरक्षण मिळालेल्या वेळेचा उपयोग दिसला नाही तर जोडीदाराचा राग अवाजवी म्हणता येणार नाही.

ठरलेले तास इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गिरणीच्या वस्तीत मिळते. तिथली कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१–३२ मध्ये तिथल्या कुटुंबांचा अभ्यास केला. सारा दिवस मोकळा असलेल्या पुरुषांना दिवसभरात काय केले हे नीट सांगता येत नव्हते, त्यांच्या चालण्याचा वेगही मंदावला होता. घरकामाने बांधलेला असल्यामुळे बायकांचा दिवस मात्र इतका विस्कटला नव्हता. नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते, असे याहोडा यांनी पुढे मांडले: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संपर्क, इतरांसोबत एखादे ध्येय, समाजातले स्थान आणि नियमित हालचाल. नोकरी गेली की या पाचही एकदम जातात. आठवड्याचे वेळापत्रक करताना प्रत्येकीसाठी काही ना काही ठेवावे. जुन्या सहकाऱ्यांना भेटणे, एखाद्या संस्थेत ठरलेल्या दिवशी काम करणे, रोज चालायला जाणे ही चैन नव्हे, आणि जोडीदाराने तिला चैन म्हणू नये.

शोधाच्या तासांपलीकडे वेळ उरतो, आणि ज्याच्याकडे वेळ अधिक त्याच्या वाट्याला घरकाम थोडे अधिक येणे न्याय्य आहे. वाटणी करताना ‘मदत’ वाटू नये, पूर्ण जबाबदारी वाटावी. स्वयंपाक ज्याचा, त्याने काय करायचे हे ठरवण्यापासून सामान संपत आले हे पाहण्यापर्यंत सारे आपले मानावे. दुसऱ्याला प्रत्येक पायरी सांगावी लागत असेल तर काम वाटले गेले नाही, फक्त हात बदलले. उलट बाजूने, काम सोपवल्यावर भांडी वेगळ्या पद्धतीने लावली म्हणून ती पुन्हा लावून दाखवणे बंद करावे.

इथे नवरा आणि बायको यांच्या परिस्थितीत फरक पडतो आणि तो उघड बोलावा लागतो. बायकोची नोकरी गेली की घर, कधी कधी ती स्वतःही, तिला पूर्णवेळ गृहिणी धरून चालते; तिचे शोधाचे तास सर्वांत आधी खाल्ले जातात आणि सहा महिन्यांनी ‘आता कशाला नोकरी, घर छान चालले आहे’ असे म्हटले जाते. नवऱ्याची नोकरी गेली तर उलट घडते: तो शोधात आहे, तणावात आहे, म्हणून त्याला घरकामातून सूट मिळते आणि बायको दोन्ही आघाड्यांवर थकते. दोन्ही घरांत कोणी वाईट हेतूने वागत नाही. म्हणूनच मागील सात दिवसांत शोधाचे ठरलेले तास किती मोडले आणि कोणत्या कामासाठी मोडले, हे आठवड्यातून एकदा लिहून पाहावे.

## टप्पा ४: शोधाविषयी बोलण्याची ठरलेली वेळ

कमावती बायको संध्याकाळी घरी येते, चप्पल काढता काढता विचारते, ‘आज काही झाले का?’ तिच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. ऐकणाऱ्याला मात्र दिवसभराच्या शून्याचा हिशेब दारातच द्यावा लागतो, आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार हे ठाऊक असते. काही दिवसांनी तो तिच्या येण्याच्या वेळी बाहेर जाऊ लागतो.

यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक. वार आणि वेळ ठरलेली असावी. त्यात तीनच प्रश्न घ्यावेत:

1. या आठवड्यात काय केले? किती अर्ज, किती फोन, कोणाशी भेट, काय शिकलो. निकालाऐवजी प्रयत्नांची मोजणी करावी, कारण निकाल हातात नसतो.
2. पुढच्या आठवड्यात काय करणार?
3. माझ्याकडून कोणती मदत हवी आहे? बायोडेटा वाचून देणे, मुलाखतीचा सराव घेणे, ओळखीच्या कोणाला फोन करणे, किंवा काहीच नाही.

बैठकीबाहेर जोडीदाराने विषय काढू नये. याच्या बदल्यात शोधणाऱ्यावर एक बंधन येते: महत्त्वाचे काही घडले तर न विचारता सांगायचे आणि बैठक चुकवायची नाही. विचारणे थांबले आणि सांगणेही थांबले तर या नियमाचे रूपांतर अबोल्यात होते.

सल्ल्याची जागा इथे, चौथ्या टप्प्यात आहे, आणि तीही विचारून. ‘तुला माझे मत हवे आहे की फक्त ऐकू?’ या प्रश्नाने बरीच भांडणे टळतात. ओळखीच्या कोणाला परस्पर बायोडेटा पाठवणे, त्याच्यासाठी कोणाकडे शब्द टाकणे, हे कितीही चांगल्या हेतूने केले तरी आधी विचारल्याशिवाय करू नये. त्याचा अर्थ ‘तुझ्याच्याने होणार नाही’ असा घेतला जातो.

नकाराच्या दिवसाची तयारी नकार येण्याआधी करून ठेवावी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नोकरी शोधणाऱ्यांसाठी तयार केलेल्या कार्यशाळेत अर्ज आणि मुलाखतींबरोबरच, अपयश आले तर काय करायचे याचा आगाऊ सरावही घेतला जातो. तीच पद्धत घरी वापरता येते. शांत दिवशी विचारून घ्यावे: ‘नकार आला त्या संध्याकाळी तुला काय बरे वाटेल? बोलणे, एकटे राहणे की बाहेर पडणे?’ उत्तर लक्षात ठेवून तसेच वागावे. लिहिण्याची सवय असेल तर तीही कामाला येते. नोकरी गेलेल्या अभियंत्यांवरील १९९४ च्या एका अभ्यासात, नोकरी जाण्याबद्दलच्या भावना सलग काही दिवस मोकळेपणाने लिहून काढणाऱ्या गटाला इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. हे लिखाण स्वतःपुरते असते. जोडीदाराने ते वाचायला मागू नये.

कमावत्या जोडीदाराचे मन कुठे मोकळे व्हायचे, हा प्रश्न बहुतेकदा विसरला जातो. त्याला किंवा तिलाही नोकरीत कटकटी असतात, आणि ‘ज्याच्याकडे नोकरीच नाही त्याच्याजवळ काय रडायचे’ म्हणून त्या गिळल्या जातात. आठवड्यात एक वेळ तिच्या कामाबद्दल बोलण्यासाठी ठेवावी, आणि दोघांच्या संमतीने घराबाहेरचा एखादा विश्वासू मित्र किंवा मैत्रीण निवडावी, जिच्याशी ती भीती आणि राग दोन्ही बोलू शकेल.

## टप्पा ५: भांडणाचे नियम आधीच ठरवावेत

भांडण होणारच. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे जोडप्यांच्या बोलण्याचे निरीक्षण करून नाते पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: स्वभावावर टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि संवाद तोडून बसणे. त्यांतली सर्वांत घातक तुच्छता. बेरोजगारीत ती क्वचितच शिवीच्या रूपात येते. मुलांसमोर ‘बाबांना विचार, त्यांना वेळच वेळ आहे’ असे म्हणणे, पाहुण्यांसमोर त्याचे वाक्य मध्येच तोडणे, बिल आले की न बोलता टेबलावर आपटणे, ही तिची खरी रूपे आहेत.

तक्रार करूच नये असे नाही. ती घडलेल्या गोष्टीपुरती ठेवावी. ‘तू आळशी झाला आहेस’ याऐवजी ‘काल विजेचे बिल भरायचे ठरले होते, ते राहिले, आज भरशील का?’ असे म्हणावे. ऐकणाऱ्यानेही ‘हो, राहिले’ एवढे मान्य करून काम करावे. प्रत्येक तक्रारीत नोकरी गेल्याचा टोमणा शोधू नये.

आवाज चढला की कोणीही एकाने थांबण्याची खूण करावी आणि निदान २० मिनिटे दूर व्हावे, कारण चढलेला संताप शरीरातून उतरायला साधारण तेवढा वेळ लागतो. उठून जाताना परत कधी बसणार ते सांगावे. न सांगता निघून जाणे म्हणजे संवाद तोडणेच.

खबरदारी: ‘नोकरी गेली तीही तुझ्याच स्वभावामुळे’ हे वाक्य कोणत्याही भांडणात वापरायचे नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. ते परत घेता येत नाही.

## टप्पा ६: मुले, आईवडील आणि बाकीचे लोक

बाहेरच्यांना सांगण्याचे एक वाक्य दोघांनी मिळून ठरवावे आणि दोघांनी तेच सांगावे. ‘कंपनीने विभाग बंद केला, सध्या नवीन काम शोधतो आहे’ एवढे पुरते. एकाने ‘सुट्टीवर आहे’ आणि दुसऱ्याने ‘नोकरी गेली’ सांगितले की दोघांचीही अडचण होते. आपापल्या बाजूच्या नातेवाइकांना ज्याने त्याने सांभाळावे, आणि आपल्या आईवडिलांजवळ जोडीदाराची तक्रार करू नये. तुमचा राग चार दिवसांत निवळतो. त्यांच्या मनात तो वर्षानुवर्षे राहतो.

मुलांना वयानुसार तीन गोष्टी सांगाव्यात: काय झाले, यात तुझा काही दोष नाही, आणि काय बदलेल व काय बदलणार नाही. लहान मुले घरातला ताण ओळखतात आणि कारण माहीत नसले की स्वतःलाच जबाबदार धरतात. ‘हे कोणाला सांगू नकोस’ असे गुपित त्यांच्यावर लादू नये.

## टप्पा ७: शोध लांबला तर

शिल्लक निम्म्यावर येण्याची जी तारीख कागदावर लिहिली होती, त्या दिवशी मोठ्या निर्णयांची बैठक घ्यावी. कमी पगाराचे काम, तात्पुरते काम, दुसरे गाव, नवे प्रशिक्षण, दुसऱ्या जोडीदाराने नोकरीला लागणे, स्वस्त घर, असे पर्याय दोघांनी आधी वेगवेगळे क्रम लावून लिहावेत आणि मग एकमेकांना दाखवावेत. असे केल्याने ज्याचा आवाज मोठा त्याचे मत घराचे मत होत नाही. तारीख आधीपासून ठरलेली असल्यामुळे या बैठकीला कोणी ‘तुझा माझ्यावरचा विश्वास उडाला’ असे समजत नाही.

तब्येतीकडे या टप्प्यात विशेष लक्ष द्यावे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेकडो अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संशोधनात मानसिक त्रासाचे प्रमाण बेरोजगारांत सरासरी ३४ टक्के आणि नोकरीत असलेल्यांत १६ टक्के आढळले. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, कशातच रस न वाटणे, दारू वाढणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे. ‘मनाने खंबीर हो’ हा त्यावरचा उपचार नाही. जोडीदाराने ‘तू जा’ म्हणण्यापेक्षा वेळ ठरवून सोबत जावे.

खबरदारी: ‘मी नसलो तर तुमचे बरे होईल’ अशा अर्थाचे बोलणे कधीही नाटक समजू नये. आत्महत्येचा विचार येतो आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, जवळची औषधे व घातक वस्तू दूर कराव्यात आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

## टप्पा ८: नोकरी मिळाल्यानंतरचे पहिले महिने

पहिल्या पगाराला सारे जुने खर्च एकदम सुरू करू नयेत. आधी थकलेले हप्ते आणि उसने घेतलेले पैसे, मग बंद पडलेला किंवा कमी केलेला विमा, मग मोडलेली शिल्लक, असा क्रम ठेवावा. नवी नोकरी कायम होईपर्यंत पैशाचा कागद चालू ठेवावा. हातखर्चाची पद्धत तर पुढेही मोडण्याचे कारण नाही.

घरकामाची वाटणी आपोआप जुन्या रुळावर जाऊ देऊ नये. तासांचे गणित बदलले आहे, म्हणून दोघांनी पुन्हा बसून ती नव्याने करावी. नोकरी मिळालेल्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून सुटका वाटू लागते, आणि इतके महिने ताण धरून ठेवलेला जोडीदार नेमका तेव्हाच चिडचिडा किंवा आजारी होतो. याला कृतघ्नपणा समजू नये. या काळात त्याने किंवा तिने स्वतःचे काय पुढे ढकलले, दातांचे काम, एखादा अभ्यासक्रम, बढतीसाठीची परीक्षा, की नुसती विश्रांती, हे विचारून घ्यावे आणि घराची शिल्लक पुन्हा उभी राहू लागली की पहिला खर्च व पहिली सवड त्यासाठी काढावी.